न विटलेली जागा

१

दुपारी एक वाजता पश्चिमेचा पडदा खाली. बेरिल स्ट्रीटवरच्या आमच्या घरात हा उन्हाळ्याचा नियम एकतीस वर्षं चालला, आणि तो मी घातलेला होता. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या ब्रोकन हिल या खाणींच्या गावात तसं ऊन चढायच्या आत प्रत्येकजणच घर मिटून घेतो. बेचाळीस अंशांत पत्र्याच्या छपराखाली राहायचं तर दुसरं करणार काय? पण बाकीचे लोक स्वतःला वाचवायला पडदे ओढायचे. मी खुर्च्यांना वाचवायला ओढायचो.

माझं नाव नेव्हिल ट्रेगेन्झा, वय एकाहत्तर. चामड्याच्या सोफ्या-खुर्च्यांची दुरुस्ती आणि रंगकाम हा माझा धंदा होता. खाणीतल्या लोकांना भलामोठा चामड्याचा सोफा घ्यायची हौस, आणि तो नेमका खिडकीखाली टाकायची खोड. दोन उन्हाळ्यांत रंग उडाला की मला फोन. मी जायचो आणि काम करता करता तेच ते पुराण लावायचो. खिडकीपासून चार फूट लांब ठेवा, काचेला फिल्म लावा, महिन्यातून एकदा गाद्या उलटा, वर्षातून दोनदा मलम चोळा. ऊन म्हणजे आगच, फक्त सावकाश लागणारी. लोक माना डोलवायचे आणि मी फाटकाबाहेर पडलो की पडदा उघडायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

घरात मात्र माझं चालायचं. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, मी स्वतः बांधलेल्या. गडद लाल. वरून रंगाचा थर न देता चामड्यातच रंग मुरवलेला. तसलं चामडं दिसायला सगळ्यात देखणं आणि उन्हाला सगळ्यात हळवं. डावी ग्लेनिसची, उजवी माझी. दोन्हींची तोंडं खिडकीकडे, कारण माझ्या बायकोला रस्ता बघत बसायला आवडायचं. आणि एकच्या पुढे तिच्यासमोर पडदा, कारण मला खुर्च्या आवडायच्या.

शेवटच्या उन्हाळ्यात ती दिवसभर त्या खुर्चीत असायची. अंगात काही उरलं नव्हतं. बाहेर चाळीस अंश असताना तिला थंडी वाजायची. एके दिवशी मी दोरीला हात घातला तेव्हा म्हणाली, "नेव्ह, आज राहू दे ना रे. अंगावर जरा ऊन येऊ दे."

"चामडं जाईल गं," मी म्हणालो, आणि पडदा ओढला. तिच्या गुडघ्यांवर शाल घातली. मला वाटलं, झालं काम.

तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. फेब्रुवारीत ती गेली. मरणाऱ्या माणसाला मी ऊन नाकारलं, तेही एका मेलेल्या गुराच्या कातड्यासाठी. लोक म्हणतात वेळ हे औषध आहे. मला त्या औषधाचा गुण आला नाही.

पुढच्या नोव्हेंबरात उन्हाळा सुरू झाला. एक वाजला, मी दोरी हातात धरली आणि मला ती ओढता येईना. मग मी पडदा वर गुंडाळून खिळ्याला बांधूनच टाकला. पातं आणून काचेवरची फिल्म खरवडून काढली. छपरावरचा कूलर चालायचा तर खिडकी उघडी लागते, म्हणून खालची काचही वर सरकवली. जळू देत खुर्च्या. तिला मिळालं नाही ते त्यांना मिळू दे, पोटभर.

२

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी खुर्च्या पुसत होतो. पुसत होतो म्हणजे धूळ झाडत होतो. वारा सुटला की खाणीकडची धूळ फटीफटीतून आत येते, ती चामड्यावर साचू देणं मला अजून जमत नाही.

ग्लेनिसच्या खुर्चीचे हात विटले होते. वाटलं होतं तसेच, आधी विटकरी, मग कडांना पिवळट. पाठीच्या दोन्ही बाजू, बसायच्या गादीची पुढची कड, सगळं उतरलं होतं. मधली जागा मात्र गडद लाल होती. परवा रंगवल्यासारखी.

मी मागे सरून बघितलं. गादीवर दोन मांड्यांएवढी जागा. त्यातून वर जाणारी पाठ. कमरेशी अरुंद, वर खांद्यांकडे रुंद होत गेलेली. कडा काटेकोर नव्हत्या. माणूस बसल्या जागी थोडा हलतो, कूस बदलतो, तशा त्या सावकाश विरत गेल्या होत्या.

मी काही पहिल्यांदा असं बघत नव्हतो. लोकांच्या सोफ्यांवर मी झोपलेल्या मांजरांचे ठसे पाहिलेत. एका घरी तर सोफ्यावर चौकोनी डाग होता, बाईंनी चार वर्षं तिथून बायबल हलवलं नव्हतं. जे झाकलेलं असतं ते विटत नाही, यात गूढ काही नाही.

पण या खुर्चीवर काही ठेवलेलं नव्हतं. मी तिच्यात बसत नव्हतो. मांजर मेल्याला सहा वर्षं झाली होती.

मग मला आठवलं, अंगाचं तेल. माणूस वर्षानुवर्षं एकाच जागी बसला की घाम आणि तेल चामड्यात मुरतं, तिथं ते काळपट पडतं. मी शेडमधून तेल काढायचं द्रावण आणलं, पांढऱ्या फडक्यावर घेतलं आणि त्या जागेवर जोरात फिरवलं. तेल असतं तर फडकं पिवळं झालं असतं. फडकं पांढरंच राहिलं.

मी ते फडकं घडी घालून खिशात ठेवलं. का, ते सांगता येणार नाही.

३

आमच्या धंद्यात एक साधी युक्ती आहे. निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या एका पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या मिळतात. पहिली पट्टी उन्हात चटकन विटते, आठवी वर्षानुवर्षं टिकते. पुठ्ठा एखाद्या जागी ठेवून द्यायचा आणि महिन्याभरानं किती पट्ट्या विटल्या ते मोजायचं. त्या जागेनं किती ऊन खाल्लं ते कळतं. गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा मी त्याच्या हातात पुठ्ठा द्यायचो. पुठ्ठ्याशी कोण भांडणार?

तसले दोन पुठ्ठे मी ग्लेनिसच्या खुर्चीवर ठेवले. एक हातावर, एक गादीच्या मधोमध. दोन्हींमध्ये वीतभरच अंतर. दुपारी दोनला खिडकीतून ऊन आत यायचं आणि दोन्हींवर सारखंच पडायचं, मी दारात उभा राहून ते बघायचो.

सोळा दिवसांनी उचलले. हातावरच्या पुठ्ठ्याच्या पहिल्या तीन पट्ट्या गेल्या होत्या. गादीवरच्या पुठ्ठ्याची एकही नाही. पहिलीसुद्धा नाही, जी टेबलाच्या खणात ठेवली तरी मलूल होते.

मी पुठ्ठे स्वयंपाकघरात नेले, दिव्याखाली धरले. मग पुन्हा पुढच्या खोलीत आलो. तीन वाजले होते. छपराचा पत्रा तापून तडतडत होता, कूलर घरघरत होता. खुर्चीवर ऊन होतं. झळाळणारं, डोळे दिपवणारं, माझ्या डोळ्यांना तरी गादीवर आणि हातावर एकसारखं.

मी खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला आणि लगेच उचलला, इतकं चटकलं. मग गादीवर ठेवला.

गादी गार होती. मडक्यासारखी गार नव्हे, सावलीतली वस्तू असते तशी. माझ्या हाताच्या पाठीवरही गारवा आला. मी बघत होतो, हातावर ऊन पडलेलं होतं, नखं चमकत होती. पण लागत नव्हतं.

मी हात काढून घेतला नाही. लोक म्हणतील हा घाबरून पळाला असेल. मी तिथं गुडघ्यांवर बसलो आणि मला हुंदका फुटला. वर्षभर मी ज्याची भीक मागत होतो ते कुणीतरी टाकलं होतं माझ्या झोळीत. ती आली होती. आपल्या खुर्चीत बसून ऊन खात होती.

४

त्यानंतरचे सहा आठवडे मी सुखी होतो, हे कबूल करायला हवं.

सकाळी लवकर टोपी घालून बाजार उरकायचो. दीडला जेवण, दोनला चहाचे दोन कप घेऊन माझ्या खुर्चीत. तिच्या शेजारी बसायचं म्हणून माझी विटलेली खुर्ची मी आधी पुन्हा रंगवून घेतली होती. तिचा कप खिडकीच्या फळीवर. मग सहा-सव्वासहापर्यंत, ऊन उतरेपर्यंत, आम्ही दोघं. बोलायचो मीच. पहिल्याच दिवशी म्हणालो, "ग्लेनिस, चुकलं माझं." खोलीत काही झालं नाही, पण मी ते मोठ्यानं म्हणू शकलो. दुसऱ्या दिवशी कोण मेलं, कोण घर विकून ॲडिलेडला गेलं ते सांगितलं. तिला असल्या बातम्या फार आवडायच्या.

केरिन, आमची मुलगी, लॉन्सेस्टनला असते. समुद्रापलीकडे, तस्मानियात. दर रविवारी तिचा फोन.

"बाबा, ईस्टरच्या आधी इकडे ये. मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय मी."

"इथं काय वाईट आहे माझं?"

"एकटा आहेस."

"एकटा नाही."

"म्हणजे? कोण आहे?"

"झोरा आहे समोर. आणि तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

ती हसली, पण मला कळलं की ती काळजीत आहे. लहानपणी पडली की आधी हसायची आणि मग रडायची, तसलं ते हसू.

एक गोष्ट मात्र मी केरिनला सांगितली नाही आणि स्वतःलाही नीट सांगितली नाही. सवयीनं मी एकदा त्या लाल जागेवर टेप धरला होता. ग्लेनिस पाच फुटांची. खुर्चीत बसली की तिचं डोकं पाठीवरच्या बटणांच्या ओळीपर्यंत यायचं. मी तिच्या मापानंच ती बटणं लावली होती. लाल जागा बटणांवरून वर गेली होती, पाठीच्या अगदी वरच्या कडेपर्यंत, आणि तिथंही ती खांद्यांएवढीच रुंद होती. डोकं अजून सुरूच झालं नव्हतं. त्याच्या वर काय होतं ते सांगायला चामडं नव्हतं.

मी टेप गुंडाळला. ऊन तिरपं येतं, सावली लांबते, माप मोठं भरतं. असं काहीतरी मी मनाशी म्हणालो. बुडत्याला काडीचा आधार पुरतो, आणि मी तर सहा आठवडे त्या काडीवर बसून चहा प्यायलो.

५

झोरा म्हणजे आमच्या समोरची. तिचे आईवडील क्रोएशियाहून खाणीत कामाला आले होते, नवरा पंधरा वर्षांपूर्वी गेला. जिभेला हाड नाही, पण मनाची चांगली. मार्चच्या मध्यावर एका दुपारी ती किसलेल्या गाजराच्या आणि चीजच्या कोशिंबिरीचं भांडं घेऊन आली. आमच्या गावात कुणी आजारी पडो, मरो की बाळंत होवो, तेच घेऊन येतात.

दारातच म्हणाली, "काय रे नेव्ह, बाई ठेवलीस की काय घरात?"

"का?"

"भरदुपारी पडदे ओढून बसतोस, म्हणून विचारलं."

"पडदा वरच असतो माझा. नोव्हेंबरपासून खाली आलेला नाही."

"मला शिकवू नकोस. रोज दुपारी भांडी घासताना समोर तुझीच खिडकी असते. माझ्या उजवीकडे थोडी उजळ दिसते. डावीकडे काळी, कोळसा जसा. महिना झाला की रे."

"मोतीबिंदू बघून घे."

"माझे दोन्ही डोळे गेल्या वर्षी ॲडिलेडहून नवे करून आणलेत. तुझ्या पापण्या मोजून दाखवू?"

बोलत बोलत ती पुढच्या खोलीत गेली, आणि मी थांबवायच्या आत ग्लेनिसच्या खुर्चीत बसली. बसली आणि ताडकन उठली.

"अगं आई! तवा आहे की काय हा? माझी पाठ भाजली."

मी भांडं टेबलावर ठेवलं. झोरानं वळून पाहिलं, खिडकीकडे बघितलं, वर बांधलेला पडदा पाहिला. तिचा चेहरा जरा गोंधळला.

"वरच आहे की," ती म्हणाली. मग खाली बघून, "चकाकी असेल काचेवर."

"असेल."

"जेवतोस ना नीट? पार फिका पडलायस. मैद्याच्या पोळीसारखा."

ती गेल्यावर मी ग्लेनिसच्या गादीवर हात ठेवला. भट्टी. लाल जागा राहिलीच नव्हती. विटकरी पडून बाजूच्या रंगात जवळजवळ मिसळली होती. असं विटायला चार-पाच आठवडे तरी लागतात. म्हणजे मी रोज चहा ओतून बोलत होतो तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. मी एवढा रमलो होतो की बघितलंच नव्हतं.

त्या दिवशी मी दुसरा कप धुऊन कपाटात ठेवला. ग्लेनिस एकदा मेली तेव्हा माणसं होती घरात, फुलं होती, केरिन होती. या खेपेला कुणी नव्हतं. संध्याकाळी केरिनला फोन केला आणि म्हणालो, येतो.

६

विमानाचं तिकीट एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारचं निघालं. केरिननं बजावलं होतं, निघण्याआधी कातडी तपासून ये. इथं आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला कातडीच्या कॅन्सरच्या भीतीनं वर्षाला एकदा ते करावंच लागतं. लहानपणी उघडे फिरलो, आता डॉक्टर भिंग घेऊन त्याचा हिशेब घेतात. महिन्यातून एकदा ॲडिलेडहून डॉक्टर मेंडिस येतात, तरुण आहेत, मूळचे कोलंबोचे.

त्यांनी मला शर्ट काढून बसवलं. मान, कान, पाठ, हात. भिंग फिरत राहिलं आणि त्यांचा हात सावकाश होत गेला.

"या उन्हाळ्यात बाहेर पडलात नाही वाटतं?"

"रोज चार तास उन्हात बसतो. उघड्या खिडकीत."

ते हसले. "मिस्टर ट्रेगेन्झा, पेशंट माझ्याशी उलटं खोटं बोलतात. उन्हात बसून नाही म्हणतात."

"खरंच बसतो."

त्यांनी माझा उजवा हात उचलून धरला. इथं स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे गाडीच्या खिडकीतून आयुष्यभर त्याच हातावर ऊन पडतं. माझा तो हात नेहमी डाव्यापेक्षा काळा असायचा, ग्लेनिस त्याला उसना हात म्हणायची. आता तो पोटाच्या कातडीइतका पांढरा होता.

"हा फिका पडलाय. ऊन बरेच आठवडे लागलेलंच नाही. चांगलंच आहे म्हणा." मग त्यांनी डावा हात वळवला. "हे बघा. इथं मात्र लागलंय."

कोपरापासून मनगटापर्यंत बाहेरच्या बाजूला एक काळपट पट्टा होता. आतल्या बाजूला पांढरी कातडी. मधली रेघ घड्याळाच्या पट्ट्याखाली असते तशी स्पष्ट, पण सरळ नव्हती. ती बाहेर फुगत गेली होती, मग आत वळली होती.

"समोर काय असतं तुमच्या? कशाची तरी कड आहे ही. झाड? खांब?"

"काही नाही. खिडकी."

"मग कुणीतरी छत्री धरून उभं राहतंय तुमच्यावर," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर सही केली. "पुढच्या वर्षी या."

मी गाडी हळू चालवत घरी आलो. थेट माझ्या खुर्चीपाशी गेलो. रंगवून घेतल्यापासून तिच्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. मी बसतो म्हणून ती झाकली जाते, म्हणून लाल राहते, त्यात बघायचं काय? आता बघितलं. मी सडपातळ माणूस आहे. माझ्या दोन्ही बाजूंना त्या खुर्चीत वीत-वीतभर जागा उरते. हात, कडा, डोक्यावरची कमान, खालचे पाय, जिथं मी पोचतच नाही ते सगळं गडद लाल होतं. खुर्ची ज्या दिवशी पुन्हा रंगवली त्या दिवसासारखी. खुर्चीच्या डाव्या हाताच्या बाहेरच्या कडेला तेवढी विटलेली एक पट्टी होती, बाहेर फुगत जाऊन आत वळणारी.

म्हणजे ते कधी गेलंच नव्हतं. शेजारच्या खुर्चीतून उठून माझ्यासमोर येऊन उभं राहिलं होतं. सगळं ऊन स्वतःच्या पाठीवर घेऊन, तोंड माझ्याकडे करून. आणि मी रोज दुपारी त्याच्यातून आरपार रस्ता बघत होतो.

७

बॅग भरायला दोन दिवस पुरले. बुधवारी दुपारी मी त्या खोलीत पुन्हा बसलो. जायचंच होतं, पण न सांगता जाणं मला बरं वाटेना.

एप्रिलचं ऊन सौम्य असतं. कूलर बंद केला होता, त्यामुळे घरात आवाज नव्हता. स्वयंपाकघरात फ्रीज मधूनच थरथरायचा आणि थांबायचा. माझ्या गुडघ्यांवर ऊन पडलेलं मला दिसत होतं. पँटच्या कापडाचा धागान् धागा दिसत होता. लागत काही नव्हतं.

मी डोळे मिटले.

उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले की पापण्यांतून लाल दिसतं. पोरासोरांनाही ठाऊक असतं हे. मला काळं दिसलं. तळघरात बसल्यासारखं. डोळे उघडले, लख्ख ऊन. मिटले, काळं. चार वेळा केलं. पाचव्यांदा त्या काळ्याच्या डाव्या कडेला एक बारीक लाल रेघ दिसली, ती सरकत आत आली, थोडी रुंदावली आणि परत मिटली. समोरचा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता. उभं राहून राहून.

मला भीती वाटली. पण मी डोळे उघडले नाहीत, कारण उघडले की समोर काहीच नसणार होतं, आणि ते मला जास्त नको होतं.

"ग्लेनिस," मी म्हणालो. "तू आहेस का?"

फ्रीज थांबला.

"उद्या मी केरिनकडे चाललोय. तिकीट काढलंय. तू माझ्यावर रागावून हे करतेस की मला जपतेस, मला कळत नाही. काहीही असो. आता थोडी बाजूला हो. मला जायला हवं."

संध्याकाळपर्यंत काळंच राहिलं.

गुरुवारी विमान तीन वाजून वीस मिनिटांनी सुटणार होतं. दोनला झोरा गाडी घेऊन येणार होती. मी दीडलाच तयार होतो, बॅग दाराशी, टोपी डोक्यावर. वेळ होता म्हणून खुर्चीत टेकलो. पाचच मिनिटं.

टोपी काढली आणि डोळे मिटले. लाल दिसलं.

सगळीकडे लाल, उजळ, मोकळं. गालांवर ऊब आली, मग कपाळावर, मग हातांच्या पाठीवर. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला माझ्याच खिडकीतलं ऊन लागत होतं. मी मागितलं होतं तसं ते बाजूला झालं होतं. दार मोकळं होतं.

बाहेर झोरानं हॉर्न वाजवला. मग दार ठोकलं. "नेव्ह, चल रे. झोपलास का?" मग बराच वेळ ठोकलं.

मला उठता येत होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण केरिन विचारते आणि मी तिला गुडघा धरला म्हणून सांगतो. गुडघ्याला काही झालं नव्हतं. मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. खोलीत दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीत मी होतो, आणि बाकी सगळीकडे नुसतं ऊन होतं. इतकं रिकामं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

झोरा थकून परत गेली. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. साडेतीनच्या सुमारास विमान घरावरून गेलं, पत्रा जरा थरथरला. मी डोळे मिटून तसाच बसून राहिलो, तोंड उन्हाकडे करून. माझी कातडी चुरचुरायला लागली होती.

"ये," मी म्हणालो. "नाही जात कुठे."

पाच वाजायच्या आत कधीतरी पुन्हा काळं झालं. ते कपाळाकडून खाली आलं, हळूहळू, हनुवटीपर्यंत. ग्लेनिस उभी राहिली तरी माझ्या खांद्याला लागायची. हे उंचावरून वाकत होतं, खूप उंचावरून, आणि वाकायला त्याला खूप वेळ लागला.

मी हात मांडीवर ठेवले आणि हललो नाही.